दोन वाजता गेटसमोर उभी राहा

सोमवारी सकाळी सव्वासहाला फोन वाजला. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने जाहिरातीचा फोटो पाठवला होता आणि खाली एकच ओळ लिहिली होती, 'मॅडम, ही जागा कशी आहे?' नगर रस्त्यावरच्या एका खासगी हॉस्पिटलची जाहिरात होती. 'स्टाफ नर्स पाहिजेत. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग. पदे २५. अनुभवी व नवीन दोघांनाही संधी. आकर्षक पगार. राहण्याची सोय. मूळ कागदपत्रांसह ताबडतोब भेटा.' जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंगची पदविका.

मी चहा ठेवला आणि कपाटातली फाइल काढली. नर्सिंगच्या जाहिराती मी वर्षानुवर्षं जपून ठेवते. आधी रविवारच्या पेपरातली कात्रणं असायची, आता फोनवर आलेल्या जाहिरातींच्या प्रिंट काढते. या हॉस्पिटलची जानेवारीतली जाहिरात फाइलमध्ये होती. एप्रिलचीही होती. दोन्हीत जागा वीस-पंचवीसच.

हॉस्पिटल शंभर खाटांचं आहे. आम्ही वर्गात शिकवतो तो हिशोब असा: साध्या वॉर्डात तीन खाटांमागे एक नर्स, म्हणजे तीन पाळ्यांत वाटल्यावर एका पाळीला नऊ पेशंटमागे एक. त्यावर सुट्ट्या आणि आजारपणासाठी ३० टक्के राखीव. शंभर खाटांना चौतीस नर्स, राखीव धरून चव्वेचाळीस. आयसीयूचा हिशोब वेगळा, पण ढोबळमानाने एवढं पुरे. पंचवीस जागा रिकाम्या म्हणजे निम्म्याहून जास्त नर्स आज तिथे नाहीत. त्यांचं काम उरलेल्या मुली करताहेत. दर तीन महिन्यांनी तेवढ्याच जागा निघत असतील, तर आधी भरलेल्या मुली निघून गेल्या, हा एकच अर्थ होतो.

पुण्यात नर्सला नोकरी केव्हाही मिळते. टिकून राहता येईल अशी नोकरी मिळायला थोडा वेळ लागतो, आणि तो वेळ काढायला आमच्या मुलींच्या हातात पैसे नसतात. म्हणून जाहिरात वाचायची कशी, हे मी त्यांना इंजेक्शन द्यायला शिकवते तितक्याच काळजीने शिकवते.

मी स्वतः हे फार महाग शिकले.

मी बार्शी तालुक्यातली. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये तीन वर्षं जनरल नर्सिंग केलं आणि १९९८ च्या जूनमध्ये पुण्याला आले. वडिलांनी स्वारगेटला उतरवलं, ट्रंक हॉस्टेलपर्यंत खांद्यावरून आणून दिली आणि संध्याकाळच्या एसटीने परत गेले. ट्रस्टचं हॉस्पिटल होतं, नाव लिहीत नाही. पगार १,८०० रुपये आणि दोन वेळचं जेवण. पहिल्या दिवशी ऑफिसमधल्या बाईंनी मार्कशीट, डिप्लोमा आणि नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मूळ प्रतीत मागितलं. 'जमा करायचं असतं,' म्हणाल्या. मी दिलं. पावती मागावी हे सुचलं नाही. एका छापील कागदावर सहीसुद्धा केली. तो दोन वर्षांचा बॉण्ड होता, हे नंतर कळलं.

पुढच्या वर्षी श्रावणात वडिलांना अर्धांगाचा झटका आला. मी नोकरी सोडायचं पत्र दिलं. ऑफिसने सांगितलं, सहा महिन्यांचा पगार भरा आणि कागद घेऊन जा. १०,८०० रुपये. मी कागद न घेताच गावी गेले. वडिलांची कूस बदलणं, बेडपॅन, व्यायाम सगळं मीच केलं. नंतर बार्शीत नोकरी शोधायला गेले, तर दाखवायला रजिस्ट्रेशन नाही. तीन वर्षं शिकलेली नर्स सात महिने घरी बसून होती. शेवटी आईने बोरमाळ गहाण ठेवली आणि कागद सुटले. ती बोरमाळ परत घरी आली नाही.

पंचवीस वर्षं होऊन गेली. तरी 'मूळ कागदपत्रांसह भेटा' वाचलं की मला ते ऑफिस दिसतं, टेबलावरचा पेपरवेट दिसतो. मूळ कागद दाखवायचे असतात. समोरच्याने ते झेरॉक्सशी ताडून पाहायचे आणि त्याच टेबलावरून आपण ते उचलून पिशवीत घालायचे. रजिस्ट्रेशन आपल्या नावाचं, आपल्या मेहनतीचं असतं, हॉस्पिटलने ते ठेवून घ्यायचं काही कारण नाही. अजूनही मागतात. या वर्षीसुद्धा दोन मुलींनी फोन करून विचारलं, 'मॅडम, जमा करू का?' दोघींना मी एकच सांगितलं, 'बाळा, उठ आणि बाहेर ये.'

आता 'आकर्षक पगार'. आकडा द्यायला लाज वाटत नसती तर आकडा दिला असता. बीडची माझी एक विद्यार्थिनी बीएस्सी पहिल्या वर्गात पास झाली आणि सोळा हजारांवर आयसीयूत लागली. चार वर्षांचा कोर्स, वडील ऊसतोडीला जाणारे. ट्रस्ट असलेल्या हॉस्पिटलांचे, कॉर्पोरेट हॉस्पिटलांचे आकडे वेगवेगळे असतात, काही ठिकाणी बरे असतात. पण तुलना करायला मोजपट्टी हवी, आणि ती आहे. महाराष्ट्र शासनाच्या अधिपरिचारिकेचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगात ३५,४०० पासून सुरू होतो, केंद्राच्या नर्सिंग ऑफिसरचा ४४,९०० पासून. भत्ते त्यावर. खासगी नर्सच्या पगाराचा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला होता. २९ जानेवारी २०१६ रोजी कोर्टाने समिती नेमायला सांगितलं, आणि त्या समितीने शिफारस केली: दोनशेपेक्षा जास्त खाटा असतील तर राज्य सरकारच्या नर्सएवढाच पगार. शंभर ते दोनशे खाटांना फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभरला फार तर पंचवीस टक्के कमी. पन्नासपेक्षा लहान हॉस्पिटल असलं तरी वीस हजारांच्या खाली नाही.

सोळा हजार कुठेच बसत नाहीत. सर्वांत लहान हॉस्पिटललासुद्धा नाहीत. आमच्या कितीतरी मुलींना ही शिफारस माहीतच नसते. मुलाखतीत हा कागद टेबलावर ठेवला की पगार लगेच वाढतो, असा माझा अनुभव नाही. पण आपण काय मागतोय आणि ते का मागतोय, हे मुलीला कळतं आणि तिचा आवाज सरळ निघतो. त्या आवाजाचा उपयोग होताना मी पाहिला आहे.

बीडच्या मुलीचा पगार ही लहान गोष्ट होती. तिसऱ्या आठवड्यात तिला नाईटला आयसीयूत एकटीला सहा पेशंट दिले, त्यातले दोन व्हेंटिलेटरवर. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटजवळ पाळीभर एक नर्स असावी, हे आम्ही तिला शिकवलं होतं. एका पेशंटचं सक्शन करत असताना, म्हणजे घशातला कफ नळीने ओढून काढताना, दुसऱ्याचा मॉनिटर वाजू लागला. हात निर्जंतुक हातमोज्यांत, नळी पेशंटच्या श्वासनलिकेत, आणि मागे अलार्म. सोडून पळायचं कसं? तिने तसंच ओरडून मावशींना बोलावलं, मावशींनी डॉक्टरला उठवलं. पेशंट वाचला. सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देताना तिचे हात थरथरत होते आणि इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, 'सवय होईल.' मला तिने धनकवडीच्या माझ्या घरी येऊन हे सांगितलं, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, चप्पलसुद्धा न काढता. मी तिला म्हटलं, याची सवय होऊ देऊ नकोस. ज्या दिवशी हे चालतंय असं वाटेल त्या दिवशी चूक होईल, आणि चूक झाली की रजिस्ट्रेशन तुझं जाईल, रोस्टर लावणाऱ्याचं नाही. आज ती एका सरकारी हॉस्पिटलात आहे आणि नव्या मुलींना स्वतः सक्शन शिकवते.

म्हणून मुलाखतीत मुलींनी एक प्रश्न विचारावाच: 'मला ज्या वॉर्डात देणार, तिथे रात्री किती पेशंटना किती सिस्टर असतात?' उत्तर नीट देणारी मेट्रन, म्हणजे हॉस्पिटलची मुख्य सिस्टर, भेटली तर पगार हजाराने कमी असला तरी विचार करावा. अशा मेट्रन पुण्यात आहेत. एक तर मुलाखतीला आलेल्या मुलीला वॉर्डातून फिरवून आणतात आणि चार्टवरचं रोस्टर दाखवतात. अशा ठिकाणी माझ्या मुली पाच-सहा वर्षं टिकल्या आहेत, आणि त्या हॉस्पिटलची जाहिरात माझ्या फाइलमध्ये दोनदाच सापडेल.

'राहण्याची सोय' हे शब्द मी फार जपून वाचते. ते वाईट नाहीत. गावाकडच्या वडिलांचा पहिला प्रश्न तोच असतो, आणि तो आजचा नाही. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि मुलींना, विधवांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं. परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचं, याला त्या काळातलं घर कसं तयार झालं असेल! एकेका मुलीच्या मागे उभं राहावं लागलं असणार. ससूनच्या जुन्या दगडी इमारतीसमोरून जाताना मला त्या पहिल्या मुली आठवतात. त्यांच्यामुळे माझ्या वडिलांनी ट्रंक उचलली.

पण हॉस्पिटलच्याच आवारात हॉस्टेल असलं की मुलगी चोवीस तास हाताशी असते. संध्याकाळची सिस्टर आली नाही, दारावर टकटक. 'जरा ये ना, डबल कर.' महिन्यात चार डबल ड्यूट्या झाल्या आणि पैसे एकीचेही नाहीत, असं मी अनेकींकडून ऐकलं आहे. तेव्हा खोलीत किती जणी, पगारातून किती कापणार, आणि डबल ड्यूटीची नोंद कोणत्या वहीत होते, हे विचारून घ्यायचं.

सरकारी जाहिरातींची गोष्ट वेगळी. तिथे पगार, पदं, आरक्षण सगळं लिहिलेलं असतं, अडचण भाषेची असते. गेल्या वर्षी एक मुलगी म्हणाली, 'मॅडम, स्टाफ नर्सची जाहिरात कधी येणार?' जाहिरात येऊन दहा दिवस झाले होते. तिने ती पाहिलीही होती आणि पुढे सरकली होती, कारण त्यात 'अधिपरिचारिका' लिहिलं होतं. चार वर्षं इंग्रजीत शिकलेल्या मुलींना आपल्याच पदाचं सरकारी नाव माहीत नसतं, हा आम्हा शिक्षकांचा दोष आहे. आता मी पहिल्याच वर्षी फळ्यावर लिहून देते. अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स, परिसेविका म्हणजे इन्चार्ज सिस्टर, अधिसेविका म्हणजे मेट्रन, पाठ्यनिर्देशिका म्हणजे ट्यूटर. सहायक परिचारिका प्रसविका म्हणजे एएनएम. शोधताना हेच शब्द टाकायचे.

आणि कागद. जाहिरात आल्यावर कागद जमवायला निघाली ती मुलगी मागे राहिली म्हणून समजा. जात वैधता प्रमाणपत्राला महिनोन्‌महिने लागू शकतात. नॉन-क्रीमीलेअर जुनं झालेलं असतं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं नूतनीकरण पाच वर्षांनी करायचं असतं, ते राहून गेलेलं असतं. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव आणि डिप्लोम्यावर माहेरचं, मग राजपत्रात नावबदल छापून आणा. यात हुशार मुली अडकतात, फक्त कागदापायी. बारावीच्या सुट्टीतच वैधतेचा अर्ज करायला मी पालकांना सांगते. वडील मान डोलावतात आणि विसरतात, म्हणून आता आईलाच सांगते.

कंत्राटी जागांबद्दल माझं मत पूर्वी फार कडक होतं. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा ऑर्डर. मार्च २०२० मध्ये राज्यातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यात सापडले आणि नायडू हॉस्पिटलात ठेवले गेले. नंतर कोविड केंद्रांसाठी तीन-तीन महिन्यांच्या जाहिराती येत राहिल्या. माझ्या नुकत्याच पास झालेल्या मुली पीपीई घालून सहा-सहा तास पाणी न पिता राबल्या. लाट ओसरली आणि त्यातल्या एका केंद्राने त्यांना एका संध्याकाळच्या मेसेजवर घरी पाठवलं. अनुभवाच्या दाखल्यासाठी त्या पुढे चार महिने फेऱ्या मारत होत्या. तो दाखला मिळाला नाही तर तो काळ कागदावर झालाच नाही असं होतं. तेव्हापासून मी सांगते, रुजू व्हायच्या दिवशीच विचारा, दाखला कोण देणार आणि किती दिवसांत.

तरी आता सगळ्याच कंत्राटी जागा टाळा असं मी म्हणत नाही. समुदाय आरोग्य अधिकारी ही राष्ट्रीय आरोग्य अभियानातली जागा बीएस्सी झालेल्या मुलींना मिळते. मी पाहिलेल्या जाहिरातींत पंचवीस हजार पगार आणि कामावर आधारित पंधरा हजारांपर्यंत मोबदला असं होतं. जुन्नर भागात माझी एक विद्यार्थिनी उपकेंद्रात आहे. बीपी, शुगर, गरोदर बायकांची तपासणी, म्हाताऱ्यांची औषधं. निर्णय तिचा असतो, डॉक्टरांशी फोनवर बोलते आणि करते. शहरातल्या आयसीयूत तिला कुणी नावानेही ओळखत नव्हतं. तिथे बायका तिला 'ताई, आज बसमध्ये नव्हता तुम्ही' म्हणतात. नर्सचा स्वतःचा अधिकार काय असतो, हे तिच्याकडे पाहून मला नव्याने कळलं.

आमच्या कॉलेजच्या आवारात टेक्निशियनचे कोर्स करणारी मुलंही येतात, त्यांची काळजी मला जास्त वाटते. नर्सिंगला निदान जुनं कौन्सिल आहे, कायदा १९४७ चा आणि आता त्याच्या जागी २०२३ चा नवा. लॅब, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, डायलिसिसच्या मुलांना २०२१ पर्यंत देशपातळीवर एक कायदाच नव्हता. किनवटचा एक मुलगा माझ्याकडे आला. गावात कुणी सांगितलं म्हणून त्याने पुण्यात दोन खोल्यांच्या संस्थेत सत्तर हजार भरून सहा महिन्यांचा लॅबचा कोर्स केला. सर्टिफिकेट रंगीत, वर सोनेरी शिक्का. चार लॅबनी ते पाहिलं आणि परत दिलं. पाचव्या लॅबने घेतलं, सात हजारांवर, नमुने गोळा करत मोटारसायकलवर फिरायला.

२०२१ च्या कायद्यात दहा गटांत छप्पन्न व्यवसाय दिले आहेत. सहायक पातळीच्या पदविका किंवा पदवीला किमान २,००० तासांचं शिक्षण, दोन ते चार वर्षांत. त्याच्या वरच्या पातळीला किमान ३,६०० तास, तीन ते सहा वर्षांत. सहा महिन्यांत हे तास बसूच शकत नाहीत, रोज आठ तास रविवारसह शिकलं तरी नाही. त्या मुलाला मी वहीवर गुणाकार करून दाखवला. त्याने आकडा पाहिला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मला फार वाईट वाटलं, कारण सत्तर हजार परत येणार नव्हते आणि त्याची आई मजुरीला जात होती. आता तो दोन वर्षांची डायलिसिसची पदविका करतो आहे, दिवसा कोर्स आणि रात्री मेडिकलच्या दुकानात.

डायलिसिसच्या जाहिराती पुण्यात वाढल्या आहेत, हे माझी फाइलच सांगते. पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा येतो, चार-चार तास मशीनवर असतो, वर्षानुवर्षं. टेक्निशियन त्याला डॉक्टरपेक्षा जास्त भेटतो. फिस्तुलात, म्हणजे डायलिसिससाठी हातात जोडून केलेल्या रक्तवाहिनीत, सुई कुणाच्या हातची दुखत नाही, हे पेशंट बरोबर सांगतात आणि त्याच माणसाची पाळी विचारून येतात. या कामाला कसब लागतं आणि माया लागते, आणि जाहिरातीत 'हेल्पर/टेक्निशियन' असं एकत्र लिहितात! असा तिरका दंड दिसला की समजायचं, काम टेक्निशियनचं आणि पगार हेल्परचा.

एक्स-रे, सीटीच्या मुलांना मी एकच विचारायला सांगते: अंगावर लावायचा टीएलडी बॅज माझ्या नावाचा मिळेल ना, आणि तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो ना? किती किरणं अंगावर पडली ते त्या बॅजवरून कळतं. दुसऱ्याच्या नावाचा बॅज घालून काम करणारा मुलगा मी पाहिला आहे. आधीचा सोडून गेला होता, बॅज तसाच फिरत होता.

शिकवण्याच्या जागांबद्दल लिहिताना मला त्रास होतो, कारण हे माझं घर आहे. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा नियम आहे. कॉलेजच्या तपासणीची तारीख जवळ आली की काही कॉलेजांच्या जाहिराती येतात, 'एमएस्सी नर्सिंग, सर्व विषय, तातडीने'. चार वर्षांपूर्वी मलाही एका ठिकाणाहून फोन आला. 'मॅडम, दोनच दिवस यायचं, बसायचं, सह्या करायच्या. वर्षभराचा पगार कागदावर दाखवू, तुम्हाला एकरकमी एवढे देऊ.' रक्कम माझ्या तेव्हाच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी होती. मुलाची फी भरायची होती. मी नाही म्हटलं आणि रात्रभर झोप आली नाही, पैशामुळे नाही. माझ्या नावाच्या खुर्चीसमोर दहा मुली बसलेल्या असणार, चार वर्षं त्या खुर्चीवर कुणीच नसणार, आणि पास होऊन त्या माझ्याच आईच्या हातात कॅन्युला लावायला येणार, हे डोळ्यांसमोरून जाईना. आता देशपातळीवर नर्सना आधारशी जोडलेला एकच ओळख क्रमांक मिळतो, त्यामुळे एकच नाव दोन ठिकाणी लावणं अवघड होत चाललं आहे. हे पुढे गेलं पाहिजे.

शिक्षक व्हायची इच्छा असलेल्या मुलींनी आधी दोन-तीन वर्षं वॉर्डात काढावीत. ज्या बाईने स्वतः रात्री तीन वाजता शिर शोधलेली नाही, तिने पुतळ्यावर शिर दाखवून मुलींना धीर येत नाही.

परदेशाचं थोडक्यात सांगते, कारण घरी येणाऱ्या मुली दर रविवारी विचारतात. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जर्मनीचं नाव घरोघरी गेलं. भाषा शिकावीच लागते, तिला आडवाट नाही. बोट क्लब रस्त्यावर मॅक्स म्युलर भवन आहे, तिथे जाऊन आधी पातळी आणि परीक्षा समजून घ्या. आणि एजंट गाठलाच तर तो सरकारच्या ई-मायग्रेट यादीत आहे का ते पाहा. नोंदणीकृत एजंटने जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घ्यायचा असा नियम आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने दीड लाख रोख दिले आणि पावतीवर 'सल्ला शुल्क' लिहून आणलं. तो माणूस आता फोन उचलत नाही.

तर, सोमवारची ती मुलगी. हिंगोलीकडची, एका लहान नर्सिंग होममध्ये दोन वर्षं काम केलेली. घरी धाकटा भाऊ बारावीला. तिला पगार वाढवून हवा होता आणि तो हवाच होता, त्यात काही चूक नाही. मी तिला खाटांचा हिशोब पाठवला. जानेवारी आणि एप्रिलच्या जाहिरातींचे फोटो पाठवले. मग फोन करून म्हटलं, 'माझ्या सांगण्यावरून ठरवू नकोस. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिथे जा. समोर चहाची टपरी असेलच. दोन वाजता गेटसमोर उभी राहा. दोनला सुटायच्या सकाळच्या पाळीच्या सिस्टर किती वाजता बाहेर पडतात ते बघ. जमलं तर एखादीला विचार.'

ती बुधवारी गेली. अडीचला तिचा मेसेज आला, 'संध्याकाळच्या सिस्टर आत गेल्या, मोजल्या, पाच.' मग तीनला, 'अजून सकाळचं कुणी बाहेर आलं नाही.' मी वर्गावर गेले. चारला तास संपल्यावर फोन पाहिला. पावणेचारला दोघी बाहेर आल्या होत्या. त्यातल्या एकीने तिला विचारलं, 'जॉइन होणार आहेस का?' आणि हिने काही बोलायच्या आत तिचा हात धरून टपरीवर बसवलं, चहा सांगितला, आणि पाऊण तास बोलत राहिली. मुलीने ते सगळं मला लिहून पाठवलं आहे. शेवटी विचारलंय, महापालिकेची थेट मुलाखत कधी आहे, आणि त्या सिस्टरलाही बरोबर आणलं तर चालेल का.

चालेल म्हटलं. रविवारी दोघी येतायत, कागद घेऊन.